उजव्या डोळ्याच्या अकरा पापण्या

प्रतिक्षाच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या काठावर अकरा पापण्या होत्या. अंदाजे नाही, मोजून. रोज सकाळी दात घासायच्याही आधी ती न्हाणीतला आरसा खिळ्यावरून काढून दाराच्या उजेडात आणायची, डोळा अर्धा मिटायची आणि मोजायची. डावा डोळा त्या मानानं बरा होता. तिथं तिसाच्या पुढं गेलं की मोजणी चुकायची आणि ती समाधानानं सोडून द्यायची. उजव्या डोळ्याच्या बाबतीत मात्र चुकायला जागाच नव्हती.

लग्न वैशाखात होतं, म्हणजे चार महिन्यांवर. मुलगा औंढ्याचा, प्रमोद नावाचा, वीज मंडळात वायरमन. नोकरीवाला जावई मिळाला म्हणून प्रतिक्षाचे वडील संतराम डोंगरकडा गावात जरा छाती पुढं काढूनच चालत होते. मुलीच्या पापण्या अशा कशा, हे मुलाकडच्यांनी विचारलं होतं, नाही असं नाही. त्यावर घरानं एका तोंडानं उत्तर दिलं होतं. नांदेडला शिकायला असताना टायफॉइड झाला, त्यात गेल्या. येतील परत.

टायफॉइड झाला होता हे खरं. पण त्या बिचाऱ्या तापानं पापण्यांना हात लावला नव्हता. हात लावला होता प्रतिक्षानं. नांदेडच्या अभ्यासिकेत तीन वर्षं ती स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसली. डावा हात पानावर, उजवा मोकळा. वाचता वाचता तो मोकळा हात डोळ्याकडं जायचा, अंगठा आणि तर्जनी मिळून एक पापणी धरायची आणि ओढायची. क्षणभर बरं वाटायचं. डोक्यातली गर्दी थोडी हलल्यासारखी व्हायची. मग दुसरी. दोनदा थोडक्या गुणांनी यादी हुकली. तिसऱ्यांदा ती पुस्तकं पोत्यात भरून गावी आली, तेव्हा यादीत नाव नव्हतं आणि डोळ्याला पापण्या नव्हत्या.

हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? स्वतःच्या हातानं स्वतःचे केस उपटते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. पोरीचं डोकं तर ठिकाणावर आहे ना? आणि तो प्रश्न एकदा औंढ्याला पोचला, की वायरमन जावई आणि संतरामची पुढं काढलेली छाती, दोन्ही गेलं. शिवाय आता ते सुटलं होतं. परीक्षा सुटली तशी सवयही सुटली, असं ती नागनाथाची शपथ घेऊन सांगू शकली असती. प्रश्न एवढाच होता की मग मेल्या पापण्या येत का नव्हत्या.

साखरपुड्याला तिनं चिकटवायच्या पापण्या लावल्या होत्या. नांदेडहून आणलेल्या, काळ्याभोर, हरिणीलाही लाजवतील अशा. अंगठी झाली, पेढे झाले, आणि चहाच्या वेळी उजव्या डोळ्याची अख्खी ओळ सुटून बशीत पडली. शेजारी प्रमोदची मोठी बहीण पुजाताई बसली होती. ती किंचाळलीच, "अगं बाई, बशीत गोम हाय!" प्रतिक्षानं ती गोम रुमालात गुंडाळली आणि उरलेला सगळा वेळ उजवीकडं मान खाली घालून बसली. मोठ्या बायकांना पोरगी फार मर्यादाशील वाटली. दुसऱ्या दिवशी त्या गोंदानं दोन्ही डोळे सुजले आणि डॉक्टरनं बजावलं की इथून पुढं डोळ्याजवळ कसलाही गोंद नको.

म्हणजे आता लग्नाला स्वतःच्याच पापण्या हव्या होत्या. अंतरपाट दूर झाला की समोर तिचाच डोळा असणार होता, आणि दोन वर्षांत न भरून येणारा टायफॉइड असतो तरी कसला, हे कुणीतरी विचारणारच होतं.

मग उपाय सुरू झाले. एकाहून एक. आईनं, चतुराबाईनं, शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं लावायला सांगितलं. त्यानं माश्या आल्या. शेजारच्या नीलाबाईचं म्हणणं पडलं की पापण्यांची टोकं कात्रीनं जरा जरा कापली की दाट येतात. कापायला आधी टोकं हवीत, हे तिच्या लक्षात आलं नाही. मोबाइलवरच्या एका बाईनं विटॅमिनची गोळी टाचणीनं फोडून आतलं तेल लावायला लावलं, दुसरीनं थंड चहाच्या पुड्या डोळ्यावर ठेवायला लावल्या. मस्काराची कांडी आणली तर ती अकरा पापण्यांना रंग देण्याऐवजी मधल्या मोकळ्या जागेलाच रंग देऊ लागली. शेवटी एक परदेशी नावाचं सिरम घरपोच आलं. डबीवर लिहिलं होतं अठ्ठावीस दिवसांत फरक. एकोणतिसाव्या दिवशी प्रतिक्षानं मोजल्या. दहा.

"दहा?" ती आरशाशीच भांडली. "अकराच्या दहा व्हतेत? हे वाढवायचं औषध हाय का झडायचं?"

ओसरीवर संतराम हळदीची पोती मोजत बसले होते. त्यांनी ती डबी उलटीसुलटी करून बघितली. "हे फवारायचं असतं का मुळाशी द्यायचं?"

"बाबा, तुमाला मस्करी सुचून राहिली."

"मस्करी न्हाई, पोरी. हळदीला मी टॉनिक देतो तवा दुकानदार असंच सांगतो, बराबर एकवीस दिवसांत फुटवा. फुटवा कवा येतो? पानी आलं की येतो." असं म्हणून ते पुन्हा पोत्यांकडं वळले.

प्रतिक्षाला रडू आलं. तिला सगळ्यांचाच राग येत होता. मोबाइलवरच्या बायकांचा, त्यांच्या पंख्यासारख्या पापण्यांचा, नीलाबाईच्या कात्रीचा, आणि सगळ्यात जास्त त्या दहा पापण्यांमधल्या गुळगुळीत जागेचा.

तेव्हा तिला शितल आठवली. शितल तिची बाळापूरच्या कॉलेजातली मैत्रीण. जवळच्याच तांड्यावरची, थावरा नाईकांची धाकटी मुलगी. बारावीनंतर तिनं ब्युटी पार्लरचा कोर्स केला आणि आता आखाडा बाळापूरला स्टँडच्या मागं एका गाळ्यात स्वतःचं पार्लर टाकलं होतं. खुर्ची एक, आरसा एक, पण पहिल्याच लग्नसराईत सात नवऱ्या तिच्याकडं ठरल्या होत्या. बड्या घरच्या बायका आधी नाकं मुरडत. तांड्याची पोरगी आपल्या तोंडाला हात लावणार का, असं बोलत. मग तिनं पुजाताईच्या भुवया केल्या. पुजाताईचं सासर बाळापूरचंच. तिच्या भुवया बघून बाकीच्या आल्या.

शितलनं प्रतिक्षाला खुर्चीत बसवलं, दिवा जवळ ओढला आणि डोळा निरखून बघितला. बराच वेळ बघितला. मग चहा मागवला, दोघींनी गप्पा मारत प्यायला, आणि आतून एक छोटी बाटली आणली. बाटलीवर कागद नव्हता.

"हे माझं सिरम हाय," शितल म्हणाली. "दिवसातून चार येळा लावायचं. चार म्हंजे चार. मुळाशी, चांगलं थबथबीत. अन् पुसायचं न्हाई अजिबात."

"किती दिवस?"

"चाळीस. पैसे नको देऊ. तुज्या लग्नात नाव कर माझं."

चाळीस दिवस प्रतिक्षानं नेमानं लावलं. पुसायचं नाही म्हटलं होतं, पण ते फारच तेलकट होतं, डोळ्यात उतरायचं. थोड्या वेळानं ती ओढणीच्या टोकानं टिपून घ्यायची. तेवढ्यानं काय होतं, असं म्हणायची. पहिल्या आठवड्यात बारा झाल्या. त्या दिवशी ती आईच्या गळ्यातच पडली. मग नऊ झाल्या. मग अकरा. मग पुन्हा नऊ. गुळगुळीत जागेत बारीक काळे ठिपके दिसायचे, दोन दिवस राहायचे आणि नाहीसे व्हायचे. ती बाटलीला शिव्या द्यायची आणि पुन्हा लावायची. रविवारी प्रमोदचा फोन यायचा. तो खांबांच्या आणि तारांच्या गोष्टी सांगायचा, ती हं हं म्हणायची आणि त्याला व्हिडिओ कॉल करू द्यायची नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी चतुराबाई वर्षाची तूर डाळ डब्यात भरायला बसली होती. डाळीला कीड लागू नये म्हणून तिला एरंडेल चोळायची घरोघरी रीत. चतुराबाईनं पातेल्यात तेल ओतलं, आणि प्रतिक्षा शेजारून जाता जाता थबकली. हा वास तिच्या ओळखीचा होता. तिनं आत जाऊन शितलची बाटली उघडली. सुरुवातीला तिला गुलाबाचा वास होता, पण उन्हाळ्यात तो उडाला होता, आणि खाली उरला होता तो हाच. डाळीला लावायचं एरंडेल.

डोक्यात राख घालून घेणं म्हणजे काय, ते त्या दिवशी प्रतिक्षाला बघून कळलं असतं. तिनं ओढणी घेतली, बाटली मुठीत धरली आणि रस्त्यावर येऊन मिळेल त्या ऑटोत बसली. बाळापूर येईपर्यंत ती मनातल्या मनात बोलतच होती. पार्लरचा पडदा तिनं बाजूला केला नाही, ओढलाच.

"डाळीचं तेल लावायला लावलंस मला! चाळीस दिवस!"

शितलच्या दातात दोरा होता. खुर्चीत पुजाताई बसली होती, एक भुवई झालेली आणि एक राहिलेली. बाकावर आणखी दोघी होत्या. शितलनं दोरा काढला.

"परतिक्षा, बस. मंग बोलू."

"काय बोलू? हे सिरम हाय का? एरंडेल हाय हे! माझ्या लग्नाला वीस दिवस राहिलेत अन् तू मला येड्यात काढून राहिली. होत्या त्या बी झडल्या माझ्या!"

शितलनं आधी पुजाताईकडं बघितलं, मग प्रतिक्षाकडं. तिच्या ओठावर काहीतरी आलं होतं, ते तिनं गिळलं. "एरंडेलच हाय," एवढंच ती म्हणाली. "चुकलं माझं. सांगायला पायजे होतं."

बस्स. पुजाताई तशीच, एका भुवईनिशी, उठली. "बघितलं का? म्हणूनच म्हणत व्हते लोक. नवरीच्या डोळ्याशी खेळती व्हय गं तू?" तिनं पर्स उचलली. बाकावरच्या दोघी तिच्यामागून गेल्या. प्रतिक्षा बाटली टेबलावर आपटून बाहेर पडली, तेव्हा तिला वाटत होतं की कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपण बरोबर बोललो.

दोन दिवसांत गोष्ट कुठल्या कुठं गेली. पुजाताईनं बायकांच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ती कळमनुरीपर्यंत पोचली, आणि पोचता पोचता तिला नवे हातपाय फुटले. तांड्याच्या पोरीनं कसलंतरी औषध लावून नवरीच्या पापण्या घालवल्या. नीलाबाईनं तर एक डोळा अधू झाल्याचंही ऐकलं होतं. सातातल्या पाच नवऱ्यांनी शितलला नको म्हणून कळवलं.

तिसऱ्या दिवशी पुजाताईचा फोन आला. आवाज मायेनं भरलेला होता. "हे बघ, आता काळजी करू नको. आमच्या आईला बी वाटत व्हतं, टायफॉइडच्या पापण्या इतके दिवस कशा येत न्हाईत. आता कारन कळलं ना. मी सगळ्यांना सांगितलं, ही त्या शितलची करणी हाय. तुला आता कुणी काई विचारणार न्हाई."

प्रतिक्षानं फोन ठेवला. मनावरचं मोठं ओझं उतरलं. थोडं वाईट वाटलं, पण शितलनं फसवलं तर होतंच. अंतरपाट आता खुशाल दूर होऊ दे.

त्याच आठवड्यात घरची हळद पॉलिशला काढली. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी पिंपात घालून फिरवतात, तेव्हा सगळं अंगण पिवळ्या धुळीनं भरून जातं. नवरीनं त्या धुळीत यायचं नाही, असं चतुराबाईचं फर्मान होतं. म्हणून प्रतिक्षाला लांब, गोठ्याच्या पलीकडं लिंबाखाली बसवलं होतं. तिथं धूळ येत नव्हती. पॉलिश होऊन आलेल्या ढिगातून लांब हळकुंडं एकीकडं, गोल गड्डे दुसरीकडं, असं निवडत बसायचं. काम डोक्याला अजिबात लागत नाही, हात आपोआप चालतात. घामानं हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते, आणि हळदीचं पिवळं साबणानंही दोन दोन दिवस जात नाही.

दुपारी तिनं जेवणाआधी तोंड साबणानं स्वच्छ धुतलं, आरशात बघितलं, आणि पुन्हा येऊन बसली. मनात लग्नाचंच चाललं होतं. मुहूर्ताला कोण कोण येईल, पुजाताई कुठं उभी राहील, प्रमोद काय बघेल. तासभर गेला असेल. चतुराबाई पाणी घेऊन आली आणि तांब्या हातात तसाच धरून थांबली.

"डोळ्याला काय लावलंस गं? हळद लागली का?"

"कुठं?"

"उजव्या डोळ्याला. सगळी पापणी पिवळी झाली की."

प्रतिक्षानं मोबाइल काढून त्यात तोंड बघितलं. कपाळ स्वच्छ होतं. गाल स्वच्छ होते. डावा डोळा स्वच्छ होता. फक्त उजव्या डोळ्याच्या वरच्या काठावर, नेमकं त्या गुळगुळीत जागेवर, पिवळा लपका होता. एकदा हात लागल्याचा तो डाग नव्हता. थरावर थर बसला होता, दहा-पंधरा वेळा बोटं तिथं गेल्याशिवाय बसत नाही असा. आणि डोळ्याखाली, जिथं अंगठा टेकतो तिथं, दुसरा.

तिनं उजवा हात समोर धरला. तर्जनीच्या पिवळ्या टोकाला तीन बारीक काळे केस चिकटलेले होते.

"धूळ उडाली असंल," चतुराबाई म्हणाली आणि पॉलिशच्या मशीनवाल्याच्या नावानं ओरडत निघून गेली.

प्रतिक्षा तशीच बसून राहिली. तिला आठवेना. काहीच आठवेना. एकदाही हात वर नेल्याची आठवण नव्हती, आणि हातावर पुरावा होता. शेळीचं दूध, गोळीचं तेल, ते अठ्ठावीस दिवसांचं सिरम, चहाच्या पुड्या, सगळं एका बाजूनं लावत होती आणि दुसऱ्या बाजूनं तीच उपटत होती. दोन दिवस दिसून नाहीसे होणारे ते काळे ठिपके म्हणजे उगवणाऱ्या पापण्या होत्या. त्या येत होत्या. प्रत्येक वेळी येत होत्या. तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं तो हात जमिनीवर आपटला, पुन्हा आपटला, आणि मग हळकुंडांच्या ढिगात खुपसून रडत बसली.

ती रात्र आणि दुसरा दिवस तिनं स्वतःशी हुज्जत घालण्यात घालवला. कुणाला काय कळणार आहे? सगळ्यांनी शितलवर खापर फोडून झालं होतं. गप्प बसलं तर लग्न पार पडेल, आणि बोललं तर तो ठरलेला प्रश्न औंढ्याला जाईल. डोकं ठिकाणावर आहे का? गप्प बसायचं तिनं पाच वेळा ठरवलं. पाचही वेळा तिला शितलचा तो चेहरा दिसला, काहीतरी गिळतानाचा. शितल भांडली का नाही? कॉलेजात तर ती एका शब्दाला चार शब्द देणारी पोरगी.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुजाताईला फोन करून पार्लरवर बोलावलं. "काम हाय, ताई. तुमी याच."

पार्लरमध्ये कुणी नव्हतं. शितल टॉवेलांच्या घड्या घालत होती, घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा घालत होती. पुजाताई दारातच उभी राहिली. तिची दुसरी भुवई अजून राहिलेलीच होती, आणि त्यामुळे ती सारखी आश्चर्य वाटल्यासारखी दिसत होती.

प्रतिक्षानं दोन्ही पिवळे हात पुढं केले. "ताई, माझ्या पापण्या शितलनं घालवल्या न्हाईत. टायफॉइडनं बी न्हाई. मी उपटते."

"काय?"

"ह्या हातानं. अभ्यासाला बसायची तवापासून. मला वाटलं सुटलं. न्हाई सुटलं. परवा हळद निवडताना कळलं, बोटाला चिकटल्या व्हत्या. मला समजत बी न्हाई कवा हात जातो ते. शितलचं काई चुकलं न्हाई. तुमी ग्रुपवर तसं टाका."

 पुजाताईनं भिंतीला हात टेकला. "उपटते म्हंजे? काहून? कुणी काही करणी..."

"न्हाई, ताई. मीच."

पुजाताईनं तिच्याकडं आणि शितलकडं बघितलं, पदर खांद्यावर घेतला आणि निघून गेली. ती ऑटोच्या दिशेनं न जाता फोन कानाला लावूनच चालली होती, तेव्हा तो फोन कुणाला होता हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

शितल टॉवेल खाली ठेवून खुर्चीत बसली. "मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक व्हतं?"

"पयल्याच दिवशी. झडलेल्या पापण्यांची जागा अशी दिसत न्हाई. तुज्या खुंट खुंट व्हत्या, कुठं बारीक, कुठं मोठ्या. अन् चहा पिता पिता माझ्यासमोर दोन काढल्यास तू. मला काय सांगत व्हतीस तवा, तुज्या लग्नातल्या बस्त्याचं."

प्रतिक्षानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"म्हणून तर एरंडेल दिलं," शितलचा आवाज चढला. तिनं इतके दिवस आवरलेलं आता सुटलं. "त्यानं वाढत बिढत न्हाई काई. चार येळा थबथबीत लाव म्हणलं ते बोटं सटकावीत म्हणून! केस धरताच येऊ नये म्हणून! अन् तू पुसत बसलीस, व्हय ना? दिसून राहिलं मला, ओढणीच्या टोकाला तेलाचे डाग."

"मंग त्या दिवशी सांगितलं काहून न्हाई? मी एवढं बोलले तुला."

"पुजाताई बसली व्हती ना खुर्चीत! तुजी नणंद. तिच्यासमोर काय सांगू, ही आपल्या हातानं उपटती म्हणून? पाच नवऱ्या गेल्या माझ्या, परतिक्षा. बा म्हणतो, गाळा सोड. अन् मी गप्प. तुज्यापायी गप्प."

 प्रतिक्षा खाली बसली आणि मोडलेल्या टॉवेलांच्या घड्या घालू लागली. शितलनं बराच वेळ तिच्याकडं बघितलं नाही. मग पायानंच एक स्टूल तिच्याकडं सरकवलं.

प्रमोदचा फोन आला तेव्हा दिवस कलला होता आणि ती बाळापूरच्या स्टँडवर उभी होती. तिनं तो तीनदा वाजू दिला. चौथ्यांदा उचलला.

"पुजाताईचा फोन आला व्हता," तो म्हणाला. मागं कुठंतरी कुणीतरी शिडी सरकवत होतं. "ती सांगून राहिली ते खरं हाय का?"

"व्हय."

"टायफॉइड?"

"त्यानं गेल्या हे खोटं व्हतं. मी सांगितलं व्हतं तसं घरी. आई-बाबाला बी ठाऊक न्हाई. त्यांच्यावर चिडू नका." तिला पुढचं सगळं एका दमात बोलून टाकायचं होतं. "तुमाला मोडायचं असंल तर मोडा. मी घरी सांगंन माझ्यामुळं मोडलं म्हणून."

 शिडीचा आवाज थांबला. कुणीतरी त्याला साहेब, खाली या म्हणालं, आणि तो थांब रे म्हणाला.

"दुखतं का?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नव्हता. तिनं स्वतःलाही नाही.  "न्हाई दुखत," ती म्हणाली. "दुखलं असतं तर कळलं तरी असतं."

"आता करून राहिली का?"

न्हाई म्हणायला तिनं तोंड उघडलं. आणि तिच्या लक्षात आलं की फोन डाव्या हातात आहे, आणि उजवा हात डोळ्याशी आहे. अंगठा आणि तर्जनी, दोघं आपल्या कामाला लागलेले. एवढं सगळं बोलून, एवढं रडून, उरल्यातली एक पापणी तिनं धरलेली होती. तिला वाटलं हा हात तोडून इथंच स्टँडवर टाकून द्यावा.

"व्हय," ती म्हणाली. आवाज रडका झाला होता आणि रागीटही. "आत्ता बी हात तिथंच हाय. तुमच्याशी बोलून राहिले अन् हात तिथंच हाय. मी काय करू?"

"मोबाइल कोणत्या हातात हाय?"

"डाव्या."

"मंग उजवा बी त्यालाच लाव," प्रमोद म्हणाला. "दोन्ही हातांनी धर. मी खांबावरून खाली उतरतो, मंग बोलू. ठेवू नको."

प्रतिक्षानं पापणी सोडली. बाळापूरच्या स्टँडवर येणारी जाणारी माणसं बघत होती, पण तिनं लहान पोर पाण्याचा तांब्या धरतं तसा फोन दोन्ही पिवळ्या हातांनी धरला आणि त्याची वाट बघत उभी राहिली.